सासऱ्यांची पंचाहत्तरी, धाकट्याचं बोरन्हाण आणि थोरलीचा हट्ट: एका दिवसात कसं बसवू?

इंदिरानगरची सून

नमस्कार मंडळी. नाशिककरांना तर विचारतेच आहे, पण घरात लहान मुलं असलेल्या कुणीही सांगा.

येत्या रथसप्तमीला माझ्या सासऱ्यांना ७५ पूर्ण होतात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून आहे. निफाडकडच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावून दिलेली, त्यांच्या वर्गातल्या कितीतरी जणांची तीच. पण आजेसासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या की अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू जात होतं तेव्हाच आबा झाले, त्यामुळे तिथी पक्की आहे. खरी तारीख मात्र कुणालाच ठाऊक नाही. नाशिकरोडच्या प्रेसमधून, म्हणजे तिथल्या सरकारी छापखान्यातून, निवृत्त होईपर्यंत १ जूनला ऑफिसात पेढे आणि रथसप्तमीला घरी शिरा, असं चालायचं.

घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, साडेचार वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा. गेल्या संक्रांतीला धाकटा अगदी तान्हा होता, धड बसतही नव्हता, म्हणून त्याचं बोरन्हाण राहिलं. ते या वर्षी करायचंच आहे आणि रथसप्तमीपर्यंतच करता येतं. नणंदबाई पुण्याहून आणि धाकटे दीर ठाण्याहून त्याच दिवसासाठी येणार, म्हणजे सगळी एकत्र तेव्हाच सापडणार.

आता खरी अडचण. दिरांच्या मनात गंगापूर रोडला हॉल घ्यायचा आहे. दीडशे माणसं, संध्याकाळी सातला सुरुवात, मोठा केक, पडद्यावर जुने फोटो, मग जेवण. नणंदबाईंना गुरुजी बोलावून ऐंद्री शांत, म्हणजे पंचाहत्तरीची शांती, करायची आहे. सासूबाईंची एकच इच्छा, ७५ दिव्यांनी औक्षण. आणि ज्यांचा वाढदिवस ते म्हणतात, "घरात शिरा करा, नातवंडं माझ्याजवळ बसू देत, बाकी मला काही नको." त्यांचं म्हणणं कुणी ऐकायला तयार नाही, कारण सगळ्यांना वाटतं ते संकोचून तसं म्हणतात. मी रोज त्यांच्यासोबत राहते. ते संकोचून म्हणत नाहीत. त्यांना खरंच तेच हवंय.

माझा जीव मुलांवरून टांगणीला लागलाय. दिवाळीनंतर नणंदबाईंचा वाढदिवस झाला. केकवरची मेणबत्ती आत्याने विझवली म्हणून थोरलीने असा काही आकांत मांडला की शेवटी पुन्हा मेणबत्ती पेटवून तिला फुंकर घालू दिली. सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. कधी जंगलाची सजावट, कधी परीची, आणि घरी येताना प्रत्येक मुलाच्या हातात रिटर्न गिफ्ट. त्यामुळे वाढदिवस म्हणजे मला काहीतरी मिळणार, एवढंच तिच्या डोक्यात बसलंय. त्यात तिचा स्वतःचा वाढदिवस २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीच्याच दिवशी, म्हणजे आबांच्या पाठोपाठ. ती आतापासून दिवस मोजतेय.

मला मनापासून वाटतं की आबांचा दिवस तिने आबांचा म्हणून साजरा करावा, आणि तोही रडारड न होता, आनंदाने. मोठ्या माणसांच्या वाढदिवसात तुम्ही एवढ्याशा मुलांना कसं सामील करून घेता? त्यांना काय काम देता? वेळ कोणती ठेवता? ७५ दिवे आणि रांगतं-धावतं बाळ एका खोलीत कसं सांभाळायचं? बोरन्हाण त्याच दिवशी करावं का? आणि नातवंडांनी आजोबांना द्यावी अशी भेट कुठली? विकत आणून त्यांच्या हातात कोंबलेली नको.

हॉलचं बुकिंग या आठवड्यात पक्कं करायचं म्हणतायत, म्हणून जरा लवकर सांगा.

पंचवटीची आजी

बाळ, तुझा प्रश्न वाचला आणि राहवेना, म्हणून नातवाला बाजूला बसवून लिहायला घेतलं. मी पंचवटीत काळाराम मंदिराच्या मागच्या गल्लीत राहते. सगळी नोकरी बालवाडीत झाली. तीन ते सहा वर्षांची मुलं हेच माझं आयुष्य. तेव्हा जे लिहिते ते अनुभवाचं आहे आणि जरा लांबणार आहे.

पहिलं म्हणजे वेळ. संध्याकाळी सातला सुरू होणारा कुठलाही समारंभ लहान मुलांसाठी नसतो. त्या वेळी पोर दमलेलं असतं, भुकेलेलं असतं, आणि अनोळखी माणसं गालगुच्चे घेत असतात. मग ते रडलं की सगळे म्हणतात हट्टी आहे. हट्टी नसतं गं ते, झोपेला आलेलं असतं. तुमचा दिवस तर रथसप्तमीचा, सूर्याचा. सकाळचा मुहूर्त आयता मिळालाय. सूर्य वर आला की अंगणात किंवा गच्चीत तुळशीपुढे रथाची रांगोळी, बोळक्यात दूध, आणि दूध उतू गेलं की लगेच आबांना पाटावर बसवायचं. साडेआठ-नऊपर्यंत औक्षण आटोपलं पाहिजे. त्या वेळी दोन्ही मुलं ताजी असतात. धाकट्याची झोप साडेअकराला असेल तर अकराला घर शांत झालेलं असू दे.

गुरुजींचं म्हणशील तर शांत करायची असेल त्यांनी जरूर करावी, पण ती चार-पाच तास चालते. होमाचा धूर आणि एवढीशी पोरं यांचं जमत नाही. नणंदेला सांग, शांत आधीच्या एखाद्या चांगल्या दिवशी करून घेऊ, रथसप्तमी नातवंडांना देऊ. वयाने मोठ्या नणंदेला असं सांगणं सुनेला अवघड जातं, ते मला कळतं. नवऱ्याकडून वदवून घे. त्याच्या वडिलांचा दिवस आहे.

आता तुझ्या थोरलीबद्दल. मला त्या पोरीत काहीच वावगं दिसत नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला वाढदिवसात दिसतं काय? एक माणूस मधोमध, सगळे त्याच्याकडे बघतायत, आणि आपल्या हातात काहीच नाही. बालवाडीत मी एक गोष्ट पक्की शिकले. ज्याचे हात मोकळे, ते मूल कुरकुरतं. त्याच्या हातात खरं काम दे, ते उजळून निघतं. खरं म्हणजे खरंच खरं. "तू इथे छान बसून राहा" हे काम झालं नाही. ती नसेल तर अडेल असं काम हवं.

औक्षणात असं काम जागोजागी आहे, म्हणून मला मुलांसाठी औक्षण केकपेक्षा फार आवडतं. तबकात काय काय लागतं ते तिला आदल्या दिवशी दाखव. निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, आणि तोंड गोड करायला पेढा किंवा खडीसाखर. अक्षतांची वाटी तिच्या ताब्यात द्यायची. तांदूळ तिनेच निवडायचे, मोडके बाजूला काढायचे, कुंकू तिनेच कालवायचं. औक्षण करणाऱ्या प्रत्येक बाईने तिच्यापुढे हात करायचा आणि तिने चिमूटभर अक्षता त्या हातावर ठेवायच्या, मगच त्या आबांच्या डोक्यावर पडायच्या. बघ ती किती जबाबदारीने उभी राहते. आमच्या घरी मिस्टरांच्या साठीला माझी पुतणी एवढीच होती. तिने वाटी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. जेवायला बसली तरी वाटी मांडीवर.

दुसरं काम आजपासूनच सुरू होऊ शकतं. सासूबाईंना ७५ दिवे हवेत ना? मग ७५ फुलवाती घरीच वळा. दुपारी सासूबाईंनी कापूस घेऊन बसायचं आणि नातीने शेजारी. सरकी असलेला कापूस आण, सरकी काढायचं काम तिचं. मग सासूबाईंनी तिला दाखवायचं: कापसाचा पुंजका घेऊन बोटांनी गोल पसरायचा, मधोमध चिमटीत धरून वर ओढायचा, बोटाला दुधाचा थेंब लावायचा आणि टोकाला पीळ द्यायचा. पहिल्या वाती वेड्यावाकड्या होतील. होऊ देत. त्याही जळतात. रोज दहा वाती करून डब्यात ठेवायच्या आणि मोजायच्या. ती तसेही दिवस मोजतेच आहे, तिला आबांच्या वाती मोजू दे. आठवड्याभरात तिचं तिलाच कळेल की हे सगळं कुणासाठी चाललंय. तुला तिला उपदेश करावा लागणार नाही.

मेणबत्तीचं काय करायचं? केक आणायचा तर आणा, पण त्यावर मेणबत्ती लावूच नका. आणि हे तिला त्या क्षणी कळता कामा नये, आदल्या दिवशीच सांगायचं. "उद्या आबांचा वाढदिवस. आपण दिवा ओवाळणार, विझवणार नाही. आणि आबांना पहिला घास तू भरवणार." मुलांना नाही म्हटलेलं चालतं, अचानक म्हटलेलं चालत नाही.

आता ७५ दिव्यांचं नीट वाच, कारण मला यात काळजी वाटते. ७५ दिव्यांचं ताट हातात घेऊन ओवाळू नका. ते जड होतं, तापतं, तूप हलतं, आणि खाली बाळ पदर ओढत असतं. ओवाळायला एक निरांजन पुरे. ७५ दिवे कणकेचे करा. कणीक घट्ट भिजवायची, लिंबाएवढ्या गोळ्या, आणि मधे अंगठ्याने खळगा. हा खळगा थोरलीच्या अंगठ्यानेच पडू दे. दिवे दोन मोठ्या परातींत तांदळाच्या थरावर मांडा, म्हणजे कलंडत नाहीत. पराती भिंतीला लागून उंच टेबलावर ठेवायच्या. टेबलक्लॉथ घालायचा नाही, कारण लटकतं टोक दिसलं की बाळ ओढणारच. पडदे बांधून ठेवा, पंखा बंद करा. दिवे मोठ्यांनीच लावायचे आणि पाच-दहा मिनिटं बघून झाले की मोठ्यांनीच शांत करायचे. धाकट्याला तेवढा वेळ एका माणसाने कडेवर घ्यायचं, आणि ते माणूस आधी ठरवायचं. "सगळे आहेत ना" म्हटलं की कुणीच नसतं.

बोरन्हाण त्याच दिवशी कर, अगदी जरूर कर. पण सकाळी नाही, धाकटा झोपून उठला की दुपारी साडेचारच्या सुमारास. शेजारपाजारची पोरं बोलाव. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाट, सगळं रीतीप्रमाणे. एक मात्र बदल. पूर्वी बोरं, ओले हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाच्या गंडेऱ्या, रेवड्या असं सगळं डोक्यावरून ओतायचे आणि आता त्यात गोळ्या-चॉकलेटंही घालतात. सव्वा वर्षाचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. बोराची आठोळी, हरभरा, शेंगदाणा, गोळी, यातलं काहीही घशात अडकू शकतं. म्हणून त्याच्या डोक्यावरून चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओत. बोरं, गंडेऱ्या, शेंगा मोठ्या मुलांसाठी कागदी पुड्यांत बांधून दे. हलव्याचे दागिनेही फोटोपुरते, मग लगेच उतरवायचे, कारण त्यातला दाणा सुटला की गेलाच तोंडात. आणि ओतायचं काम अर्थातच ताईचं.

जेवणाचं फार करू नकोस. शिरा, मटारभात, कढी, कोशिंबीर. द्राक्षांचे दिवस आहेत, पाहुणे पेटी घेऊन येतील. नाशिकचं घर म्हटल्यावर ताटात द्राक्षं असणारच. पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका. उभं चिरून चार फोडी करायच्या. आडवं चिरलं तर गोल चकती राहते आणि तीही अडकते. हे पाहुण्यांनाही सांगायचं, कारण लाडाने भरवणारे तेच असतात.

शेवटी तुझ्या आबांच्या तारखेबद्दल, कारण मला त्याचा फार आनंद झाला. तिथी आणि इंग्रजी तारीख साधारण दर १९ वर्षांनी पुन्हा जुळतात. १९ चोक ७६. म्हणजे आबांना ७६ पूर्ण होतील त्या पुढच्या वर्षीची रथसप्तमी ज्या तारखेला येईल, तीच त्यांची जन्मतारीख, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. कॅलेंडर उघड आणि त्यांना सांग.

सिडकोवाला बाबा

आजींनी सगळंच लिहिलंय. मी फक्त पाहुणे सोबत काय काय घेऊन येतात त्याबद्दल लिहितो.

ताई, दिरांना आणि त्यांच्या मित्रांना आधीच निक्षून सांगा की फोमचा स्प्रे आणायचा नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी मेणबत्ती पेटलेली असताना पोरांनी तो फवारला आणि भक्कन ज्वाळ आली. वाढदिवस ज्याचा होता त्याच्या भुवया जळाल्या, डोळे थोडक्यात वाचले. त्या डब्यांतला वायू पेट घेणारा असतो. तुमच्याकडे ७५ दिवे असणार आहेत. तिथे तो डबा घरातसुद्धा नको.

दुसरं गॅसचे फुगे. हेलियम महाग असतो म्हणून कितीतरी ठिकाणी हायड्रोजन भरतात आणि तो आगीजवळ स्फोटासारखा पेटतो. फुगा विकणाऱ्याला विचारून खात्री पटत नाही. मी सरळ तोंडाने फुगवलेले फुगे लावतो, आणि तेही उंचावर. कारण फुटलेल्या फुग्याची रबरी चिंधी बाळाने तोंडात घातली तर ती घशाला चिकटून बसते, सहजी निघत नाही. आमच्याकडे फुगा फुटला की आधी चिंध्या वेचायच्या, मग पुढचं, असा नियम आहे. माझा सहा वर्षांचा मुलगा हे काम इमानाने करतो. कागदाच्या पताका सगळ्यांत बऱ्या. घोटीव कागद आणा, खळ लावून मुलीबरोबर चिकटवा.

मी अंबडला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. त्यामुळे आमच्याकडे आईचा वाढदिवस तारखेला क्वचितच होतो, माझ्या सुट्टीच्या दिवशी होतो. सकाळी लवकर तिला पांडवलेणीच्या पायथ्याशी घेऊन जातो. गुडघ्यांमुळे ती वर चढत नाही, खाली झाडांत बसते. मुलगा आणि मी वर जाऊन येतो आणि वरून काय दिसलं ते तो तिला सांगतो. ती लहानपणी त्याच पायऱ्या चढलेली आहे, मग ती तिचं सांगते. घरी येताना मिसळ. त्याला नुसती मटकी, दही आणि पापड. कुठे काही सजावट नाही, पण आईचा वाढदिवस कधी हे आमच्या मुलाला कुणी आठवण न करता माहीत असतं.

हॉलबद्दल माझं मत: दीडशे माणसांत आबा नातवंडांजवळ बसू शकणार नाहीत. खुर्चीवर बसून पुष्पगुच्छ घेत राहतील.

प्रेसवाल्याची मुलगी

माझं थोडं वेगळं म्हणणं आहे, वहिनी. रागावू नका.

माझे वडीलही नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. ही माणसं तीस-पस्तीस वर्षं एकाच गेटमधून आत गेली, एकत्र डबे खाल्ले, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात वाढपी म्हणून राबली. निवृत्तीनंतर कुणी जेलरोडला, कुणी उपनगरला, कुणी मुलाकडे पुण्याला. भेटी होतात त्या बहुतेक दुःखाच्या प्रसंगी. वडिलांच्या पंचाहत्तरीला आम्ही त्यांच्या सेक्शनमधले जमतील तेवढे मित्र बोलावले, आणि त्या दिवशी वडील जसे बोलत होते तसे मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत. पुढे वर्षभरात त्यातले दोघे गेले. तेव्हा आबा घरात करा म्हणत असले तरी त्यांच्या जुन्या मित्रांना विसरू नका. ते स्वतःहून म्हणणार नाहीत, कारण मुलांना खर्चात पाडायचं नसतं.

हॉल घ्यायची गरज नाही. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवायला, वीस-पंचवीस माणसं. इंदिरानगरच्या घरात गच्चीवर मांडव घातला की झालं. दिरांची हौसही फिटेल, जुने फोटो तिथे दाखवता येतील. मुलांनी यावं, नमस्कार करावा, खाऊ घ्यावा आणि झोपायला जावं. त्यांना तिथे अडकवून ठेवायचं नाही. नातवंडांचा दिवस वेगळा आणि मित्रांचा वेगळा ठेवला की दोघांनाही न्याय मिळतो.

भेटीचं विचारलंत म्हणून सांगते. टपाल खात्याची माय स्टॅम्प नावाची योजना आहे, २०११ साली सुरू झालेली. आपण दिलेला फोटो टपाल तिकिटाशेजारी छापून १२ तिकिटांचा ताव मिळतो आणि ती तिकिटं खरोखर पत्राला लावता येतात. नाशिकच्या मुख्य टपाल कार्यालयात जाऊन चौकशी करा. ज्या प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटं छापली जातात तिथे आयुष्य घालवलेल्या माणसाला नातवंडांसोबतचा स्वतःचा फोटो तिकिटावर बघून काय वाटेल, विचार करा. फोटो साधाच काढा, थोरली वाती वळताना आणि आबा शेजारी बसलेले असा. मग त्यातलं एक तिकीट पाकिटाला लावून थोरलीने आत चित्र काढायचं आणि आपल्या हाताने पेटीत टाकायचं. चार दिवसांनी पोस्टमन आबांच्या नावाने ते घेऊन येईल. रथसप्तमीला पोचावं म्हणून आठवडाभर आधी टाका.

इंदिरानगरची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. फुलवातीचं ऐकून त्या उठल्याच, माळ्यावरून कापसाची पिशवी काढायला लावली. थोरलीने पहिल्या दिवशी सरकी काढून वाटीत जमवली आणि आता ती पेरायची म्हणतेय.

तारखेचं आबांना सांगितलं. त्यांनी पंचांग मागून घेतलं, स्वतः हिशेब केला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे पुढच्या वर्षी मला माझा वाढदिवस कळणार." त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

नवऱ्याने भावाशी बोलून घेतलं. हॉल रद्द. प्रेसच्या मित्रांचं जेवण आदल्या दिवशी गच्चीवर ठेवतोय, आणि प्रेसवाल्या ताईंचं खरं निघालं. यादी विचारल्यावर आबांनी न थांबता नावं सांगितली, कोण कुठल्या पाळीत होतं त्यासकट. नणंदबाई शांतीसाठी थोड्या नाराज होत्या, पण आधीच्या रविवारी त्र्यंबकेश्वरला अभिषेक करायचा यावर तयार झाल्या.

एक शंका राहिली. थोरली आता म्हणते मी पण आबांना ओवाळणार. सासूबाईंचं म्हणणं, औक्षण सुवासिनींनी करायचं. आणि मला निरांजनाची भीती वाटते. काय करू?

पंचवटीची आजी

अगं, बहीण भावाला ओवाळते तेव्हा ती कुठे सुवासिनी असते? भाऊबीजेला अंगठ्याएवढ्या मुली ओवाळतात. आधी सासूबाई, मग नणंद, मग तू, आणि शेवटी नात. सासूबाईंना असं सांग की शेवट नातीच्या हाताने झाला की आबांना गोड वाटेल. त्या नाही म्हणणार नाहीत. ज्या बाईने माळ्यावरून कापूस काढायला लावला ती नातीला नाही म्हणत नसते.

निरांजनाचं असं कर. तिच्यासाठी छोटं, हलकं तबक घे, काठ असलेलं. निरांजन त्यात ओल्या तांदळात घट्ट रोवून बसव म्हणजे सरकत नाही. एकच वात, तूप अर्धंच घाल. तिचे केस घट्ट बांध, परकर-पोलकं सुती असू दे, ओढणी-बिढणी नको. तू तिच्या मागे गुडघ्यावर बस, तिचे दोन्ही हात तबकाला आणि तुझे दोन्ही हात तिच्या मनगटांना. तीनदा ओवाळलं की तबक लगेच तू घ्यायचं आणि तिच्या हातात पेढा द्यायचा. आबांना भरवायचा तो तिने. आदल्या दिवशी न पेटवलेल्या निरांजनाने सराव करून घे. आबांनाच बसव समोर, तेही हौसेने बसतील.

आणि बोळक्यांचं लक्षात ठेव. रथसप्तमीच्या सकाळी शोधायला निघालीस तर मिळायची नाहीत. दोन दिवस आधी रविवार कारंजाकडे किंवा आमच्या पंचवटी कारंजावर ये, मडकीवाल्यांकडे असतात. पाच-सहा घे, एखादं फुटतं. आणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेव, नाहीतर गोवरीवर ठेवल्याबरोबर तडकतात.